मेची फुलं घरात

दादानं मला इकडे आणलं ते वहिनीला सहावा महिना लागला तेव्हा. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. तो आणि वहिनी दोघंही नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात डॉक्टर. त्याआधी वहिनीला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा काही हाती लागलं नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेली, रत्नागिरीकडच्या गावात दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापणारी बाई. या दोघांनी तिकीट काढलं, उन्हाची खोली दिली, जेवायला शेजारी बसवलं. हे मूल सुखरूप हाती यावं, याखेरीज माझं देवाकडे दुसरं मागणं नव्हतं. घाबरट तर मी जन्माचीच.

शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. मी तिला आजी म्हणायचे, ती मला ‘डक’. डक म्हणजे बदक, पण इकडे लाडानं सगळ्यांनाच तसं म्हणतात. कुंपणापलीकडून ती मला इंग्रजी शिकवायची, आणि तेही म्हणींतूनच. एप्रिलात ऊन पडलं म्हणून मी स्वेटर काढला, तर लगेच म्हणाली, “डक, मे सरेपर्यंत अंगावरची चिंधीसुद्धा काढायची नसते!”

“आमच्याकडे होळी पेटली की थंडी पळाली,” मी म्हटलं.

“मग पळून ती इकडेच आली असणार.”

मेमध्ये लग्न केलं की जन्मभर पस्तावा, असंही ती म्हणायची. “आजी, आमच्याकडे निम्मी लग्नं मेमध्येच होतात,” मी सांगितलं. “आणि मग?” तिनं विचारलं. मला माझं स्वतःचं लग्न आठवलं आणि मी दोरीवरचे कपडे काढायला वळले.

मेच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते. आमचं घर शहराबाहेरच्या खेड्यात, तिथल्या हिरवळीवर उंच खांब रोवला होता आणि शाळेतली पोरं त्याला बांधलेल्या रंगीत फिती धरून नाचत होती. आमच्या शिमग्याला होळीचं झाडच खांद्यावर घेऊन नाचवत आणतात. इथे खांब आपला उभा आणि माणसं त्याच्याभोवती. एक पोरगी उलटी वळली आणि सगळा गुंता झाला.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” वहिनी पोट धरून हसली.

“अगं, पण हे अंगण खरंच वाकडं आहे,” दादा म्हणाला. हिरवळ एका अंगाला चांगलीच उतरती होती.

मला हसू येईना. फिती खांबाला आवळत खाली खाली येत होत्या. आई म्हणायची, पोटुशी बाईनं दोर गुंडाळताना बघू नये, बाळाच्या गळ्याला नाळ आवळते.

“वहिनी, चला घरी. वारा सुटलाय.”

“तू फार घाबरतेस गं,” ती म्हणाली. पण आली.

त्याच आठवड्यात शनिवारी डोहाळजेवण होतं. वहिनीला फुलांच्या वाडीची हौस. वेणी, बाजूबंद, मुकुट, सगळं फुलांचं. लेस्टरहून झेंडू मिळाला, पण तिला पांढरं हवं होतं आणि मोगरा कुठला मिळायला? मागच्या शेताच्या बांधावर काटेरी झुडपं होती, पांढऱ्या बारीक फुलांनी ओथंबलेली. दादानं फांद्या तोडल्या, मी काटे मोडले. खुर्चीला कमान केली, एक तुरा वहिनीच्या अंबाड्यात खोचला. वास जरा कुबट होता, म्हणून मी दोन उदबत्त्या जास्त लावल्या.

हॉस्पिटलातल्या मराठी बायका ओटी भरत होत्या, तेवढ्यात आजी केक घेऊन आली. दारातच थबकली.

“हे आत कोणी आणलं?”

“फुलं, आजी. डेकोरेशन.”

“या फुलांनाच मे म्हणतात, डक. मे घरात आणायची नसते. कधीच नाही.” तिचा आवाज अगदी खाली गेला. “घरातल्या कोणाला तरी ती घेऊन जाते म्हणतात.”

केक तिनं उंबऱ्यावरूनच माझ्या हातात दिला. आत आली नाही.

बायका गेल्यावर दादा मला समजावायला बसला. “अगं, घाबरण्यासारखं काही नाही. मेलेल्या शरीरात जे द्रव्य तयार होतं ना, तेच या फुलांत असतं. त्या वासाला लोक बिचकतात, एवढंच.”

तो धीर देत होता. मी उठले आणि सगळ्या फांद्या मागच्या दारानं बाहेर टाकल्या. अंबाड्यातला तुरा वहिनीनं हसत काढून दिला. पण शिमगा सरतो आणि कवित्व उरतं. वास पडद्यांत राहिला आणि आजीचं वाक्य माझ्या कानात.

रविवारी सकाळी चहाचा कप वहिनीनं अर्ध्यावरच खाली ठेवला.

“आज बाळाचा नाच नाही,” ती म्हणाली. “रोज चहा पोटात गेला की धिंगाणा असतो.”

गार पाणी प्यायली, डाव्या कुशीवर पडून राहिली, पोटावर तळवा ठेवून वाट बघितली. मग दादाकडे वळून इंग्रजीत काहीतरी बोलली. माझ्यासमोर ती दोघं मराठीच बोलायची. दादानं गाडीची किल्ली उचलली.

मी एकटी मागे राहिले. गालिच्यात पाकळ्या अडकल्या होत्या, त्या वेचत बसले. आजी मागच्या दारानं आली, काही न विचारता गुडघ्यांवर बसली आणि तीही वेचायला लागली.

“आजी, खरं असतं का ते?”

“मला आईनं सांगितलं, तिला तिच्या आईनं,” ती म्हणाली. “खरं का ते करून बघायची आमच्यात कोणाची छाती झाली नाही.”

मग दादाचा फोन आला. “ठोके आहेत, पण मंदावतायत. आत्ताच ऑपरेशन करून काढणार आहेत. तू टॅक्सीनं ये. बाळाचं काही असेल ते आण.”

बाळाचं घरात काहीच नव्हतं. जन्माआधी कपडा आणायचा नाही ही आमच्याकडची रीत, आणि दोनदा पोळलेली वहिनी डॉक्टर असूनही ती पाळत होती. मी आजीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आधी बाळ, मग कपडा. मला वाटलं, हसेल. तिनं मान डोलावली. “बाबागाडी आम्हीही आधी घरात घेत नाही. दुकानातच ठेवायला सांगतो.”

ती घरी गेली आणि कागदात गुंडाळलेली लोकरीची टोपी घेऊन आली, माझ्या मुठीवर बसेल एवढी. “केव्हाच विणून झाली होती. दाखवायची नव्हती. नीट ऐक, डक. मूल झाल्याचं कळेपर्यंत कागद सोडू नकोस.”

टॅक्सीतून जाताना दोन्ही बाजूंची कुंपणं त्याच फुलांनी पांढरीशुभ्र होती. मी काच वर केली, तरी वास येतच होता. हॉस्पिटलात एका बंद दारासमोर मला बसवलं. टोपी मी शालीखाली धरली होती. आत दादा होता, वहिनी होती. बाहेर मी आणि एक घड्याळ. त्याच्याकडे मी बघितलं नाही.

दार उघडलं. नर्स इकडेतिकडे बघत माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

“मुलगी झालीय. टोपी आणलीय का तिच्यासाठी? वेळेआधी आलीय, डोकं फार लवकर गार पडतंय तिचं.”

कागद मला सोडता येईना. शेवटी तिनंच हलक्या हातानं सोडला आणि टोपी बोटांवर ताणून बघितली.

“जरा सैल होईल तिला,” ती म्हणाली आणि घाईघाईनं आत गेली.