ताडपत्रीआडचा वाजवणारा

दोन रेकॉर्डप्लेअर एका अ‍ॅम्प्लिफायरला जोडायचे, एक गाणं संपायच्या आत दुसरं त्यात सोडायचं आणि नाचणाऱ्याला थांबूच द्यायचं नाही, ही पद्धत जिंतूर भागात मी आणली असं आताची डीजेवाली पोरं मानतात. मध्यंतरी त्यांनी माझा सत्कार केला. मी शाल घेतली. ती पद्धत माझी नव्हती.

मशीन माझी होती, वाजवणारा दुसरा होता. आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात बसलेला. त्याच्या लेकीनं नको म्हटलं म्हणून नाव देत नाही. दुसऱ्या रेकॉर्डवर सुई टेकवून ती रेकॉर्ड तो बोटानं धरून ठेवायचा आणि समोरच्यांच्या पायांकडे बघत राहायचा. पाय जमिनीवर पडला की बोट सोडायचा. कुठं सांधलंय ते कुणाला कळायचं नाही.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. पुढच्या उन्हाळ्यात लग्नं आली. मोठ्या घरच्यांना आमची गाणी हवी होती. त्याला आणू नकोस, असं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. ते मीच ओळखलं आणि मीच तोड काढली. टेम्पोच्या हौद्यात मशीन ठेवली, चारी बाजूंनी ताडपत्री बांधली आणि त्याला आत बसवलं. मी बाहेर माइक घेऊन खुर्चीवर.

"कोंबडी डालल्यावानी डालायलाव का मला, मालक?" तो हसतच म्हणाला.

"दोन-चार लग्नं फक्त. वातावरण निवळू दे."

"मग एक बाजू तरी वर करा. पाय दिसायला पायजेत. पाय न बघता काय वाजवू?"

मी ताडपत्री वर केली नाही.

वैशाखातली दुपार होती. आत काय होत असेल ते मला बाहेर बसून कळत होतं. तो शिट्ट्यांवरून, आरोळ्यांवरून अंदाज घेऊन वाजवत राहिला आणि वरात नाचत राहिली. नवरदेवाचा मामा घामाघूम होऊन माझ्याकडं आला.

"लय भारी! आत कोण हाय रे?"

"कोण न्हाई मामा. मशीन हाय, आपोआप चालायलीय."

"च्यायला, इलायती दिसायलीय!"

माझ्या पाठीत आणि त्याच्यात तेवढी ताडपत्रीच होती. त्यानं ऐकलं असणारच. गाणं तुटावं असं मला त्या क्षणी फार वाटलं. तुटलं नाही.

दोन-चार लग्नांची वर्षं झाली. त्याच्याकडं मशीन नव्हती आणि माझ्याकडं त्याचे हात नव्हते. रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी आल्या. वातावरण निवळलं, तरी ताडपत्री सोडणं मला जमेना. सोडली असती तर इतकी वर्षं आत कोण होतं, हे गावोगाव सांगावं लागलं असतं. तोही पुढं एक बाजू वर करा म्हणेनासा झाला. टेम्पो उभा राहिला की आपणच आत जाऊन दोऱ्या ओढून घ्यायचा.

विद्यापीठाला नाव मिळालं, तेव्हा तो सकाळीच माझ्या दारात आला. इस्तरीचा पांढरा सदरा घातलेला.

"परभणीत मिरवणूक हाय. मशीन द्या, भाडं देतो. उघड्या ट्रॉलीवर बसून वाजवणार हाय."

जिल्हाभराच्या माणसांनी त्याला वाजवताना पाहिलं असतं. हात ओळखला असता.

"अ‍ॅम्प्लिफायर जळालाय रे," मी म्हणालो.

"मग दाखवा की. माझ्याबिगर कोण दुरुस्त करणार हाय तेला?"

मी अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढं ठेवला. त्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. आतले सगळे जोड त्यानंच कधी ना कधी डाग देऊन बसवलेले होते. जळकं काहीही नव्हतं, वाससुद्धा नव्हता. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्यानं झाकण लावलं आणि एकेक स्क्रू सावकाश पुन्हा आवळला.

"खरंच जळालाय," तो म्हणाला. "आता कुणालाच दुरुस्त व्हायचा न्हाई."

त्या दिवशी तो मिरवणुकीत चालत गेला. माझ्या टेम्पोत पुन्हा बसला नाही. धंदा का बंद केला असं कुणी विचारलं की मी अ‍ॅम्प्लिफायर जळाल्याचं सांगायचो. तो मी त्यानंतर कधी लावून पाहिला नाही. लावला असता तर वाजला असता.