मामंजींच्या कानातली शिट्टी

मी आमच्या जाऊबाईंचं कौतुक करायला लागले की यजमान म्हणतात, "झालं हिचं सुरू!" झालं तर झालं. घरात एक माणूस धड डोक्याचं आहे, त्याचं कौतुक नको करायला?

जाऊबाई एक्स-रे काढतात. दिवसभर लोकांना "श्वास रोखा, हलू नका" सांगायचं, आणि घरीही तोच खाक्या: डोळ्यांना दिसल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. फळवाला म्हणाला कलिंगड लाल आहे, तर या म्हणणार, "आधी कापून दाखव."

आमचे सासरे, म्हणजे मामंजी, वाद्यं सुरात लावून देतात. पियानो, गिटार, अकॉर्डियन, काहीही आणा. पुढच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल आणि टेबलावर रेडिओ. दुपारी दूरच्या एका एफएम केंद्रावर वाद्यसंगीत लागतं, ते ऐकत काम करायची त्यांची जुनी सवय. तर मध्यंतरी ते म्हणायला लागले, "रेडिओत बारीक शिट्टी वाजतेय." आम्ही आळीपाळीने कान लावले. छे, स्वच्छ!

"बाबा, तुमचे कान वाजतायत," यजमान हसून म्हणाले.

मामंजी हसले नाहीत. सूर लावणाऱ्याचे कान गेले, म्हणजे उरलं काय? त्यांनी रेडिओ बंद केला, काम बंद केलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या एका तरुण कारागिराला निरोप धाडला, की रविवारी या आणि माझी हत्यारं घेऊन जा. जेवताना मान वर करेनात.

जाऊबाईंनी पेन ड्राइव्हएवढी, स्वस्तातली एक काडी मागवली. ती लॅपटॉपला लावली की रेडिओच्या लहरी पडद्यावर दिसतात. "शिट्टी असेल तर रेघ उमटेलच," त्या म्हणाल्या. लावली मात्र, रेघाच रेघा! जाऊबाई हरखल्या. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि रेघा गायब. तोच मेला गोंधळ घालत होता. मग जवळचं एक मोठं केंद्र इतकं जोरात घुसायला लागलं की पडदा नुसता भरून गेला. जाऊबाईंनी काडीची लहरी पकडायची ताकदच कमी केली, तेव्हा कुठे दूरचं केंद्र नीट दिसलं. फ्रिज, पंखा, टीव्ही, सगळं लावून-बंद करून पाहिलं. शिट्टीचा पत्ता नाही.

"सोड आता," थोरले दीर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

शनिवारी त्या मामंजींकडे गेल्या. "शेवटचं एकदा टेबलाशी बसा. मी इथे नाहीच असं समजा. हला, काम करा, नेहमी करता तसं." जन्मभर "हलू नका" सांगणारी बाई!

मामंजी नाइलाजाने बसले. रेडिओ लावला, एक जुनं अकॉर्डियन पुढ्यात ओढलं, टेबलावरचा दिवा लावला. पडद्यावर ठसठशीत रेघ!

"हीच! हीच शिट्टी!" मामंजी ओरडले. आम्हाला ऐकवायला उठले आणि सवयीने आधी दिवा मालवला. रेघ गेली.

हात्तिच्या! काम थांबलं की दिवा बंद, ही त्यांची शिस्त. आम्हाला ऐकायला बोलवायचे तेही आधी दिवा मालवून. थोरल्या दिरांनी बाबांच्या डोळ्यांसाठी हौसेने आणलेला नवा एलईडी दिवाच रेडिओत शिट्ट्या मारत होता. दिरांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मामंजींनी दिवा लावला, मालवला, पुन्हा लावला. रेघ आली, गेली, आली. मग स्वतः कारागिराला फोन केला. "उद्या येऊ नका. हत्यारं मला लागणार आहेत."

फोन ठेवून ते जाऊबाईंकडे वळले. "सूनबाई, खरं सांग. तुला आली का गं शिट्टी ऐकू?"

"नाही हो. अजूनही येत नाही."

"मग एवढी खटपट कशापायी?"

जाऊबाई वायर गुंडाळत होत्या. "तुम्ही म्हणालात ना, वाजतेय म्हणून."

कापून दाखवल्याशिवाय कलिंगड न घेणारी ही बाई! मला मेलीला भरूनच आलं.