रॉकेलचा आळ

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. स्वतःची चूक झाकायला मी एका ड्रायव्हरवर पेट्रोल विकून रॉकेल ओतल्याचा आळ घेतला होता.

तो फर्दापूरचा. मालकाच्या जुन्या मोटारीतून प्रवाशांना लेण्यांवर न्यायचा. त्या गाडीचा कार्बोरेटर मी साफ करून बसवला, पण नवं पॅकिंग आणायचा कंटाळा केला. जुन्याच चिरलेल्या पॅकिंगला साबण चोपडून नट आवळले. आठवड्यात गाडी जरा थांबवली की इंजिन बंद पडायला लागलं. मालक चिडून त्याला घेऊनच माझ्या गॅरेजात आला. इंजिनाचा आवाज ऐकताच मला कळलं, हवा त्या पॅकिंगमधूनच शिरतेय. तरी बोटावर पेट्रोल घेऊन मी हुंगलं अन् म्हणालो, "रॉकेलचा वास मारतोय, शेठ."

"उस्ताद, आईची आण, एक थेंब नाय टाकला," तो म्हणाला. "पुन्हा हुंगून बघा की!"

"मेरे को मत सिखा," मी खेकसलो.

मालकानं तिथंच चावी काढून घेतली, त्याला कामावरून काढलं. ड्रायव्हर गेल्यावर पेट्रोल बदलायच्या निमित्तानं मी गुपचूप नवं पॅकिंग टाकलं. गाडी एका लयीत चालू राहिली. "हातात जादू आहे तुमच्या," मालक म्हणाला, आणि मी त्याचा चहा मिटक्या मारत प्यायलो. त्या चहाची अजून किळस येते, आणि खोटं हुंगणाऱ्या माझ्या नाकाची त्याहून.

नंतर फर्दापूरवरून कितीदा गेलो, उतरलो नाही. दोष माझ्या कामात होता, हे त्याला तोंडावर सांगायचं अजून बाकी आहे.