खोली नंबर तीन

एकनाथ बोईसरला एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. एक्याण्णव साली सायबांनी कॉम्प्युटर आणला आणि त्याच्यापुढे बसवलं ह्यालाच. काम म्हटलं तर पोरखेळ. खोली, स्वयंपाकघर, मोरी, जिना असे ठरलेले तुकडे. यंत्र ते शेकडो तऱ्हांनी जोडून बघायचं आणि सगळ्यात कमी जागेत मावेल ती जुळणी पुढे टाकायचं.

नेमकी तेव्हाच समुद्राने त्याच्या गावची किनाऱ्यालगतची आळी गिळली. त्या कोळ्यांसाठी आत माळावर वसाहत ठरली, आणि काम आलं ह्याच्याच ऑफिसात. त्याची आई जमना एवढंच म्हणाली, "घर कसंबी दे. दारात खळं तेवढं ठेव. ऊन नसलं तर बोंबील वालवू कुठं, नि खाऊ काय?"

पण यंत्राच्या लेखी मोकळी जागा म्हणजे उधळपट्टी. दर वेळी खळं छाटून घराला घर चिकटवायचं. एकनाथ अगदी रडकुंडीला आला. सायब म्हणाले, "तुकड्यांत बसतं तेवढं द्या." मग पठ्ठ्याने शक्कल काढली. खळ्यालाच तुकडा केलं आणि नाव दिलं, खोली नंबर तीन. खोली म्हटल्यावर यंत्राने गपगुमान जागा सोडली. तिथे भिंती नि छप्पर घालू नका, हे त्याने ठेकेदाराला तोंडी सांगितलंही. पुढे ठेकेदार बदलला, आणि एकनाथ टायफॉइडने अंथरुणाला खिळलेला. नव्या ठेकेदाराने कागदावर खोली पाहिली, खोली बांधली.

उठून बघायला गेला तर काय, घरोघरी खळ्याच्या जागी चार भिंती, वर सिमेंटचे पत्रे. आईने आत दोऱ्या बांधून बोंबील टांगले होते. ते वाळले नाहीत, सडले. खाली अळ्यांचा सडा. एकनाथला स्वतःचीच शिसारी आली.

रविवारी तो पहार घेऊनच आला. "आय, बाजूला हो. पत्रे काढतो."

जमना दारातून हलली नाही. मागे धाकट्या नामदेवची बायको, पुष्पलता, धुतलेल्या फरशीवर अंथरूण घालत होती. तिला सातवा लागला होता.

"नको रं," जमना म्हणाली. "पोरीला जलमात पयल्यांदा आडोसा मिलला. आन शेजारी पन कोन खोली तोडू देत नाय."

"मग तू खाशील काय?"

"कोलंबी सोलायला जाईन कारखान्यात. रोजानं."

सोमवारी सायबांनी त्याची पाठ थोपटली. तिसऱ्या खोलीवर लोक फार खूश आहेत, वसाहतीत अजून बांधायच्या घरांनाही हाच तुकडा घाला, म्हणाले. एकनाथने मान खाली घातली आणि घातला.