पैलवानांचा मेकअप

ट्रूडी हाव्लिक कुणालाही काही विचारायच्या आधी एक वाक्य म्हणायची: "हे मी छापण्यासाठी विचारतेय हं." या एका वाक्यामुळे वेस्ट मार्लो हायस्कूलमधली निम्मी माणसं तिला लांबून बघूनच वाट बदलायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. माणसाला गाफील पकडून छापणं म्हणजे शेजाऱ्याच्या कोठारातून मका उचलण्यासारखं आहे, असं तिचं मत होतं, आणि ट्रूडीचं एकदा मत झालं की ते खिळा ठोकल्यासारखं पक्कं.

शाळेच्या पेपरचं नाव 'टॅसल', म्हणजे मक्याचा तुरा. चार पानं, तीही आदल्या रात्रीचं जेवण गुंडाळायच्या लायकीची, असं आम्ही गावकरी म्हणायचो. ट्रूडी त्यात आली आणि लोक तो वाचायला लागले. कँटीनमध्ये चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, असायची त्या दिवशी सोबत दालचिनीचा रोल असायचाच. एका वर्षी ते रोल आक्रसले. सगळे कुरकुरले, पण थेट स्वयंपाकघरात जाऊन "हे मी छापण्यासाठी विचारतेय" म्हणणारी ही एकटीच. बातमी आली, रोल पुन्हा तळहाताएवढे झाले. तिथली बाई मात्र तेव्हापासून ट्रूडीच्या ताटात रोल असा आपटायची, की चिली उडायची.

पण रोल वेगळे आणि कुस्ती वेगळी. आयोवात आमच्या भागात हिवाळाभर लोक जगतात ते गादीवरच्या कुस्तीवर. ट्रूडीचे वडील लेनर्ड हाव्लिक डुकरं पाळतात. तरुणपणी ते राज्य स्पर्धेपर्यंत गेले होते आणि पहिल्याच फेरीत हरले होते. तो सल त्यांनी कधी बोलून दाखवला नाही. नुसतं थोरल्या मुलाला, क्लिंटला, चालता यायला लागल्यावर गादीवर नेऊन सोडलं. त्या हिवाळ्यात क्लिंटचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं. तो एकही कुस्ती हरला नव्हता. चर्चच्या तळघरात कोलाचे, म्हणजे जॅम भरलेले गोड पाव, खाता खाता म्हातारी माणसंसुद्धा लेनर्डच्या पाठीवर थाप मारून जायची.

ट्रूडी शनिवारी औषधांच्या दुकानात काउंटरवर बसायची. जानेवारीत एक विचित्र प्रकार सुरू झाला. कुस्तीच्या टीममधली दांडगी पोरं, ज्यांनी जन्मात साबणसुद्धा स्वतः विकत घेतला नसेल, ती येऊन कन्सीलर, म्हणजे डाग झाकायची रंगाची कांडी, मागायला लागली.

"आईसाठी," एक जण कान लाल करून म्हणाला.

"कुठला रंग वापरते आई?"

"अं... चामडीचा."

त्याच दुपारी दुसरा आला. त्यालाही आईसाठीच. तिसऱ्याच्या वेळी ट्रूडीला हसू आवरेना. "काय रे, गावातल्या सगळ्या आयांना एकदम डाग पडले की काय?"

तिचा अंदाज असा, की पोरांच्या मानेवर कुणी पोरींनी ओठांच्या खुणा ठेवल्यात आणि बिचारे घरच्यांपासून लपवतायत. तिनं एक गमतीदार लेख लिहायला घेतला. नावही ठरलं होतं, 'पैलवानांचा मेकअप'. आता सांगायला हरकत नाही, ट्रूडीची ही सपशेल चूक होती. पण चुकीच्या रस्त्यानं का होईना, ती बरोबर दाराशी पोचली.

लेखासाठी दोन ओळी मिळतील म्हणून ती नॉर्डनच्या शाळेबरोबरचा सामना बघायला पुढच्या बाकावर बसली. क्लिंटची कुस्ती टॉबी रेनर नावाच्या पोराशी होती. चांगली झुंज झाली. क्लिंटनं त्याला खाली दाबून धरलं, गालाला गाल घासला, आणि पाठ टेकवली. सगळं गाव उभं राहून ओरडत होतं. टॉबी उठला तेव्हा त्याच्या गालावर डोळ्यापर्यंत एक फिकट तपकिरी पट्टा उमटला होता. ट्रूडीनं भावाकडे बघितलं. क्लिंटच्या जबड्याखालचा रंग पुसला गेला होता, आणि तिथं फोडांचा एक लाल पुंजका होता. ओठांची खूण नव्हती ती. ट्रूडीला पुढं ओरडणं जमलं नाही.

सामन्याआधी पंच पोरांना रांगेत उभं करून टॉर्चनं अंग तपासतात. अंगावर फोड दिसला की कुस्ती बंद. कारण तो एकाचा दुसऱ्याला लागतो. आमच्याकडे त्याला 'गादीची पुटकुळी' म्हणतात. इतकं लाडाचं नाव दिल्यावर त्याला घाबरणार कोण? गुडघा सोलवटला, कान सुजला, पुटकुळी आली, सगळं एकाच सुरात. मीसुद्धा वर्षानुवर्षं तसंच म्हणत आलो.

पुढच्या सामन्यांत टॉबी गादीवर उतरला नाही. ट्रूडी वडिलांचा पिकअप मागून नॉर्डनला त्याच्या घरी गेली. टॉबी खिडकीचे पडदे ओढून बसला होता, डाव्या डोळ्यावर पट्टी. फोड डोळ्यात उतरला होता, बुबुळावर व्रण झाला होता. त्या डोळ्यानं पुन्हा नीट दिसेल की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

"तू क्लिंटची बहीण ना?" टॉबी म्हणाला. "सांग त्याला, मस्त कुस्ती केली. पुढच्या वर्षी तो नसणार, नाहीतर मी बघून घेतलं असतं."

हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं, की ट्रूडी परत येताना रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून रडली.

जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर होत्या. त्या जिंकल्या तरच क्लिंटला राज्य स्पर्धा. आणि त्याच गादीवर आजूबाजूच्या सगळ्या शाळांची पोरं उतरणार होती.

पेपर बघणाऱ्या ऑस्टरहोल्ट बाईंना तिनं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "भावाबद्दल तू लिहू नयेस, ट्रूडी. दुसऱ्या कुणाला दे."

"कुणाला? राशिभविष्यवाल्या ग्वेनला?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग पहिल्या ओळीतच लिही, तो तुझा भाऊ आहे म्हणून. आणि एकही गोष्ट ऐकीव नको."

कोच ब्रंडेज जिममध्ये गाद्या गुंडाळत होते. चांगला माणूस, हे मी आजही म्हणेन. पोरांना स्वतःच्या गाडीतून घरी सोडायचे.

"कोच, हे मी छापण्यासाठी विचारतेय. पोरांना फोड झाकायला तुम्ही सांगितलंत?"

"अगं, पुटकुळी आहे ती! पैलवानाला होतेच."

"टॉबी रेनरच्या डोळ्यात गेलीय ती."

ते थांबले. त्यांनी गादीची कडा नीट केली. "हे बघ ट्रूडी, मार्चमध्ये छाप. स्पर्धा होऊन जाऊ देत. मी स्वतः तुला सगळं सांगेन, शब्द देतो. तुझ्या बापानं किती वर्षं वाट बघितलीय, तुला ठाऊक नाही का?"

ट्रूडीला ठाऊक होतं. मार्चमध्ये छापलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? क्लिंटला पदक, पपांना समाधान, आणि बातमीही खरीच. फक्त मधल्या काळात आणखी कुणा पोराचा गाल त्या गादीवर घासला गेला असता.

त्या संध्याकाळी क्लिंट स्वयंपाकघरात पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन बसला होता. वजन उतरवायचं म्हणून तेवढंच. ट्रूडी समोर बसली आणि म्हणाली, "क्लिंट, हे मी छापण्यासाठी विचारतेय."

"मला?" तो हसला. "मी काय रोल चोरले?"

"तू नाही म्हणू शकतोस. नाही म्हणालास तर तसंच लिहीन, बोलायला नकार दिला म्हणून. बहीण म्हणून काही काढून घेणार नाही तुझ्याकडून."

क्लिंटचं हसू मावळलं. त्यानं ग्लास बाजूला सारला. मग बोलला. फोड आल्यावर कोचनीच पहिली कांडी आणून दिली होती. पोरांनी पुढं आपापल्या आणल्या. नॉर्डनच्या सामन्यात त्यानं ती लावली होती. एकदाच. "लिही," तो म्हणाला, आणि उठून गेला.

बातमी जिल्ह्याच्या स्पर्धांच्या आधी आली. पहिली ओळ होती: 'या बातमीतला क्लिंट हाव्लिक माझा भाऊ आहे.' पंचांनी टॉर्चसोबत रंग पुसायला ओलं फडकं आणलं, आणि आमच्या टीममधली अर्धी पोरं बाहेर बसली. क्लिंटही बसला. कोचना हंगाम संपायच्या आत घरी पाठवलं.

गावानं ट्रूडीला काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही, मलाच लाज वाटते. दुकानात लोक दुसऱ्या काउंटरवर जायचे. लेनर्डनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवताना मीठ हवं असलं तर बायकोला सांगायचे, आणि मीठ असायचं ट्रूडीच्या कोपराशी. पोरगी मुकाट्यानं पुढं करायची. रोज शाळेत जायची, मान खाली न घालता. त्या वयात माझ्यात याच्या पासंगालाही पुरेल एवढी हिंमत नव्हती, आणि आज आहे असंही छातीठोकपणे सांगवत नाही.

मग एका रविवारी, जेवण चालू असताना, क्लिंटनं काटा खाली ठेवला.

"ट्रूडी, तुझ्या बातमीत चूक आहे."

तिचा चेहरा उतरला. सगळं सोसलं होतं पोरीनं, पण चूक! "कुठं?"

"मी एकदाच लावलं असं छापलंयस."

"तूच सांगितलंस."

"खोटं सांगितलं. दोनदा लावलं. नॉर्डननंतरच्या स्पर्धेतही." त्याचा आवाज चिरकला. "टॉबी वर बाकावर बसला होता. डोळ्याला पट्टी. मी बघितलं त्याला, आणि खाली जाऊन पुन्हा लावलं. पहिल्यांदा मला कळत नव्हतं. दुसऱ्यांदा कळत होतं."

कुणी विचारलं नव्हतं. कुणाला कधी कळलंही नसतं. पण ज्या घरात एक जण खरं बोलण्यापायी एवढी किंमत मोजतो, तिथं दुसऱ्याच्या घशाखाली खोटं किती दिवस उतरणार?

ट्रूडीनं हात पुढं करून भावाचं मनगट धरलं. "दुरुस्ती छापावी लागेल."

"छाप. पण पेपरात वाचण्याआधी त्यानं माझ्या तोंडून ऐकायला हवं." क्लिंट उठला, कोट चढवायला लागला.

"बस खाली," लेनर्ड म्हणाले.

लेनर्डनी तोंड पुसलं, खुर्ची मागं सारली आणि खुंटीवरची किल्ली काढली. "नॉर्डनचा रस्ता गोठलाय. मी नेतो. बापानंही यायला हवं अशा वेळी."

अंगणात त्यांनी पिकअप सुरू केला. क्लिंट खिडकीशी बसला. लेनर्ड मात्र आत शिरेनात. थंडीत आपल्या बाजूचं दार उघडं धरून उभे राहिले, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत. ट्रूडी खिडकीतून बघत होती. ते कशासाठी थांबलेत हे तिला आधी कळलंच नाही.

"चल गं," बाप ओरडला. "मधली जागा तुझी आहे."