पळून आलेल्या बाईची भूमिका

“हिला काळा रंग लावायला नको. तेवढाच मेकअपचा खर्च वाचला.”

डॉक्टर असं म्हणाले आणि सगळे हसले. अझैब्यातल्या त्यांच्या व्हिलाचा हॉल. सोफे भिंतीला सरकवलेले. मधे मोकळ्या फरशीवर मी एकटी उभी. मीही हसले.

मी परभणीकडची. गल्फमध्ये, रुवी भागात, डॉक्टरांच्याच क्लिनिकमध्ये नर्स होते. २०१६ साल. दार्सैतला केरळच्या दोघींबरोबर एका खोलीत राहायचे. दिवसभर हिंदी, इंग्रजी, मोडकंतोडकं अरबी. मराठी बोलायला मिळावं म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तिथल्या मराठी मंडळात जायला लागले. पहिल्याच दिवशी एका काकूंनी नाव विचारलं. मग गाव. मग आडनाव. आडनाव सांगितलं आणि त्या “अच्छा” म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा आल्या. “नर्सिंगला अॅडमिशन रिझर्व्हेशनमधूनच ना?”

मंडळात सगळ्या एकमेकींना ताई, वहिनी म्हणायच्या. मी तिथंही सिस्टरच.

त्या वर्षी मंडळाचं नाटक डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं. अमेरिकेतलं. गुलामीवरून तिथं युद्ध पेटलं, त्याच्या आधीचा काळ. उत्तरेत गुलामी बंद, दक्षिणेत चालू. आणि नवा कायदा झालेला. दक्षिणेतून पळून आलेला गुलाम मालकाला परत द्यायचा. आसरा देईल त्याला शिक्षा. अशी एक पळालेली बाई उत्तरेतल्या एका पुढाऱ्याच्या घरात शिरते. तिला ठेवायचं की परत द्यायचं, यावर दोन्हीकडचे लोक दीड तास भांडतात. पुढारी डॉक्टर. त्याची बायको वहिनी, म्हणजे डॉक्टरांच्याच मिसेस. दक्षिणेतला मालक बँकेतले एक काका. पळालेली बाई मी.

मला पुढाऱ्याच्या बायकोचं काम हवं होतं. शाळेत असताना नाटकात बक्षीस मिळालं होतं मला. तसं म्हणूनही बघितलं. वहिनी गोड हसल्या. “तुझे उच्चार जरा तिकडचे आहेत गं. आणि ह्या भूमिकेत बोलायचंच नाहीये. तुला सोपं.”

बोलायचंच नाही. हात बांधून मधे उभं राहायचं. शेवटी पुढारी दोर कापतो, “जा, तू मुक्त आहेस” म्हणतो. मग मी त्याच्या पायावर पडायचं. संगीत. पडदा.

तालमीला लक्ष्मी चहा आणायची. डॉक्टरांच्या घरातली कामवाली. कडप्प्याकडची, माझ्याच वयाची. मराठी यायचं नाही तिला, तरी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं बघायची. वहिनींनी हाक मारली की दचकायची. तिची आई गावाकडं आजारी होती. तिला जायचं होतं. पासपोर्ट डॉक्टरांच्या कपाटात. “नाटक झालं की बघू,” म्हणाले होते तिला. त्याच्या आधी दिवाळी झाली की बघू म्हणाले होते.

एकदा कप उचलता उचलता तिनं मला हळूच विचारलं.

“सिस्टर, ये औरत भाग के आया ना?”

“हां.”

“फिर? पकड़ते क्या?”

“नहीं. छोड़ देते हैं.”

ती माझ्याकडं बघत राहिली. “सच्ची?”

मी हो म्हणाले. नाटकात तसंच होतं.

पुढच्या शुक्रवारी चहा वहिनींनी केला. लक्ष्मी नव्हती. सकाळी कचरा टाकायला बाहेर गेली ती आलीच नव्हती. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

“सिस्टर, ती तुमच्याशी बोलायची. कुठं गेली?”

“मला माहीत नाही, सर.”

“तुम्हा लोकांना एकमेकांचं सगळं माहीत असतं.”

तुम्हा लोकांना. मी नर्स, ती कामवाली. ती आंध्रातली, मी मराठवाड्यातली. त्यांच्या लेखी आम्ही एकाच गाठोड्यातल्या.

“व्हिसा माझ्या नावावर आहे तिचा,” ते म्हणाले. “उद्या काही झालं तर मी अडकेन.” खरंच घाबरले होते. मग टाळी वाजवून ओरडले, “यल्ला, चला, तालीम!”

चार-सहा दिवसांनी क्लिनिकमध्ये वेटिंगची टेबलं आवरत होते. पेपर उलटा पडलेला. त्यात तिचा फोटो. पासपोर्टवरचा, कान दिसतात तसला. खाली नाव, पासपोर्टचा नंबर. ही बाई कामावरून फरार झाली आहे. हिला कुणी काम देऊ नये, आसरा देऊ नये. दिसल्यास कळवावे. खाली डॉक्टरांचा फोन नंबर.

मी तिथंच खुर्चीत बसले. पेशंट हाक मारत होता, मला ऐकू येत होतं, उठता येईना.

कारण हे मला पाठ होतं. नाटकात पहिल्याच प्रवेशात बँकेतले काका कागद उघडून वाचायचे. “माझी गुलाम बाई पळाली आहे. डाव्या गालावर व्रण. कोणी आसरा देऊ नये. आढळल्यास कळवावे.” डॉक्टरांनीच लिहिलेलं. त्या संध्याकाळी तालमीत काकांनी ते वाचलं. मी सगळ्यांची तोंडं बघत होते. एखादा तरी अडखळेल. कुणी अडखळलं नाही. डॉक्टर म्हणाले, “काका, जरा क्रूरपणा आणा आवाजात.”

त्यानंतर ती मला सगळीकडं दिसायला लागली. दार्सैतच्या उतारावर पाठमोरी. टॅक्सीत मागच्या सीटवर. रुवीत गर्दीत एखादीचे कान दिसले तरी मी तिच्या मागं जायचे. जवळ जाऊन बघितलं की दुसरीच. झोपेत ती एवढंच विचारायची, “सच्ची?”

नाटकाचा दिवस आला. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत मुलं आपसात इंग्रजीत कुजबुजत होती. दीड तास मी मधे उभी होते, मनगटाला काथ्याचा दोर. डॉक्टर छान बोलले. माणूस माणसाच्या मालकीचा असू शकत नाही, म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

त्यांनी दोर कापला. “जा, तू मुक्त आहेस.”

संगीत सुरू झालं. मी पायाकडं बघितलं. काळे पॉलिश केलेले बूट. गुडघे वळवायला गेले तर वळेनात. दुखत नव्हते. वळवायचेच नव्हते मला.

“वाक,” डॉक्टर ओठ न हलवता म्हणाले.

मी उभी.

“अगं वाक ना.”

मी त्यांच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. पडदेवाल्याला कळेना. संगीत संपलं. समोर कुणीतरी हसलं, कुणीतरी खोकलं. मग पडदा पडला.

आत सगळे माझ्यावर तुटून पडले. वहिनींचा आवाज सगळ्यात वर. “आपण हिला आपल्यात घेतलं, म्हणून हे!” डॉक्टर पुढं आले. “नाटकाची वाट लावलीस. काय हवं होतं तुला?”

“सर, लक्ष्मीचा पासपोर्ट दूतावासात जमा करा. आणि पेपरातलं ते मागं घ्या.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग वहिनींकडं. “लक्ष्मीचा इथं काय संबंध?”

त्यांना खरंच कळलं नव्हतं. आजही मला सगळ्यात भीती वाटते ती ह्याची.

महिनाअखेर क्लिनिकनं सांगितलं, करार वाढवत नाही. दुसरीकडं नोकरी धरायला मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. ते नसेल तर दोन वर्षं नवा व्हिसा नाही. तेव्हा नियमच तसा होता. वहिनींचा फोन आला. “ते मनानं वाईट नाहीत गं. घरी ये, सॉरी म्हण, पत्र देतील.”

“वहिनी, मी चुकले नाही.”

“मग बस गावाला जाऊन.”

निघायच्या आधी दूतावासाच्या आसऱ्याला असलेल्या बायकांत तिला शोधलं. चौकशीच्या खिडकीवर तिचं नाव सांगितलं. पलीकडचा म्हणाला, “फरार वाली?” ती तिथं नव्हती. कडप्प्याला पोचली की नाही, आई भेटली की नाही, मला आजवर कळलेलं नाही.

आता मी परभणीत सरकारी दवाखान्यात आहे. गल्फला निघालेल्या पोरी विचारायला येतात. मी त्यांना जाऊ नका म्हणत नाही. पासपोर्ट कुणाच्या कपाटात देऊ नका, म्हणते. मग लक्ष्मीचं सांगते, नावानिशी. परवा एकीनं विचारलं, “म्हणजे ती फरार झाली?”

मी म्हणाले, “नाही. तिला घरी जायचं होतं, ती निघाली. फरार म्हणणारा मालक असतो. हा शब्द माझ्यासमोर पुन्हा वापरायचा नाही.”

कुणालाच वापरू देणार नाही.