सुख नावाच्या विषयाचा तास

परभणीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. बी.ए.च्या मुलांसाठी एक वेगळा विषय घ्यायची संधी मिळाली, तेव्हा मी 'सुख' घेतलं. माणसानं सुखाबद्दल काय काय म्हणून ठेवलंय, ते ग्रंथांतून वाचायचं. मुलं लिहून घेत होती आणि जांभया देत होती.

मग मी म्हटलं, घरातला सगळ्यात जुना फोटो आणा. त्या दिवशी फोटोतलं माणूस खुश होतं का, ते विचारून या.

फोटो आले. सगळे ताठ, गंभीर. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, जुन्या काळी सुख नव्हतंच काय?"

येलदरीकडची एक मुलगी उठली. तिचं घर मेंढरं पाळणारं. "आमच्यात जुना फोटोच न्हाई. सदा मेंढरामागं फिरायचे. मग आमच्या सुखाचा अभ्यास कसा करायचा?"

मी म्हटलं, "आजीलाच विचार."

दुसऱ्या आठवड्यात तिनं मोबाइलवर आजीचा आवाज लावला.

"आजे, तुला लय खुशी कवा झाली?"

"कायी पुसायलीस बाई!" मग हसण्याचा आवाज, बराच वेळ.

तरुणपणी आजी आणि तिची जाऊ मेंढरं घेऊन धरणाच्या बाजूला गेल्या होत्या. पाण्यात पाय सोडून बसल्या, त्या उन्हं कलेपर्यंत. पालावर भाकरीची वाट बघणाऱ्या नवऱ्यांना सांगितलं, मेंढी हरवली होती. "बाप्यांनी आमालाच च्या करून देला! मेंढी कुठं हरवली व्हती, आमीच हरवलो व्हतो," असं म्हणून आजी खोकला येईपर्यंत हसली. वर्गही हसला.

मग वाद पेटला. सुख पाण्याचं होतं, की थाप पचली त्याचं? जाऊ सोबत नसती तर? घंटा झाली तरी कुणी उठेना. जांभया देणारा एक जण तर दारापर्यंत माझ्यामागं आला, "एकट्याला सुख होतच न्हाई का, मॅडम?" म्हणत.

घरी येऊन आईला तेच विचारलं. ती म्हणाली, "थांब, आठवू दे." सकाळी चहा गाळताना तिला आठवलं.

"तुझ्या बाबांची बदली चुडाव्याला होती ना, तेव्हा. संध्याकाळी आमी दोघं स्टेशनवरच्या बाकावर जाऊन बसायचो."

"कुठं जायला?"

"कुठंच न्हाई ग. गाडी यायची, जायची. आमी बसलेलोच."

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला वाटलं, तिचे डोळे भरतील. पण ती मजेत होती. कपात साखर टाकत म्हणाली, "रविवारी नेतीस का मला तिकडं?"

गेलो. बाक नवे होते. आईनं त्यातला सावलीतला निवडला, चपला काढल्या आणि शेजारच्या अनोळखी बाईशी भुईमुगाच्या शेंगांवरून गप्पा सुरू केल्या. एक गाडी आली, गेली. दुसरीही गेली. मी घड्याळ पाहिलं, तेव्हा आई म्हणाली, "घाई काय हाय? बस की."